मंगळवारची सुटी

तारीखबाई लिफ्टने जात नसे. ऑफिस पाचव्या मजल्यावर, तिचं वय अडतीस, आणि गुडघे जिना चढून चढून साठीला टेकलेले. पण लिफ्टचं दार उघडं दिसलं की ती नजर चुकवून जिन्याकडे वळायची. लोक म्हणायचे, तब्येतीला जपते. लोकांच्या जिभेला कुठे हाड असतं! तिनेही कधी कोणाला खरं कारण सांगितलं नाही.

तारीखबाई हे नाव तिला ऑफिसनेच दिलं होतं. कुठलीही जुनीपुराणी फाइल आली, आणि तिच्यात तारखांच्या जागी नुसते पाचआकडी आकडे निघाले, की ती हिच्या टेबलावर यायची. संगणकाच्या पोटात तारीख नसतेच मुळी. असतात ते दिवस, कुठल्यातरी एका आरंभाच्या दिवसापासून मोजत आणलेले. चाळीस हजार सातशे सदुसष्ट, असे. तो आरंभाचा दिवस कोणता धरायचा हे प्रोग्रॅमला माणसाने सांगायचं असतं, आणि प्रोग्रॅम असा आज्ञाधारक, की सांगाल ते मुकाट्याने ऐकतो. चुकीचा दिवस सांगितलात तरी तो हूं की चूं करत नाही. चुकीची तारीख बाहेर येते ती बरोबर तारखेचेच कपडे घालून, आणि तिला कोणी हटकत नाही.

त्या दिवशी दुपारी तिच्यासमोर तिचंच जुनं काम आलं. ऑफिस सगळी जुनी कामं नव्या संगणकावर हलवत होतं. पद्धत साधी होती: मूळ आकडे नव्या प्रोग्रॅममधून काढायचे, निघालेली तारीख आणि जुन्या तक्त्यातली तारीख शेजारी ठेवून वजाबाकी करायची, फरक शून्य आला की पुढच्या फाइलीला हात घालायचा. ही फाइल चार हजार एकशे ओळींची होती. एका लिफ्टदुरुस्ती कंपनीची नोंदवही. कोणत्या दिवशी, कोणत्या नंबरच्या कारागिराने, कोणती लिफ्ट तपासली, आणि शेवटी शेरा. ती नोकरीला लागली त्या वर्षीचं, एकटीच्या जबाबदारीवर केलेलं तिचं पहिलं काम.

तिने वजाबाकी केली. फरकाच्या रकान्यात दोन आला. त्याखाली दोन. त्याच्याखाली पुन्हा दोन. ती खाली खाली जात राहिली आणि दोन तिच्याबरोबर खाली येत राहिला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. ती पुन्हा वर गेली. कारण त्या चार हजार एकशे ओळींपैकी एक ओळ तिला तेरा वर्षं पाठ होती.

तेरा वर्षांपूर्वी, ऑगस्टच्या तेरा तारखेला, शनिवारी सकाळी, एका सात मजली इमारतीतली लिफ्ट पाचव्या मजल्यावरून खाली कोसळली. आत एक शिवणकाम करणारी बाई होती, हातात तयार कपड्यांची पिशवी घेऊन. ती वाचली नाही. लिफ्ट तपासणारा कारागीर चौकशीत म्हणाला, मी आदल्या दिवशी, शुक्रवारी, 'बंद ठेवा' असा शेरा कंपनीच्या संगणकात लिहिला आणि इमारतीच्या व्यवस्थापकालाही तोंडी सांगितलं. व्यवस्थापकाने कानांवर हात ठेवले. मग चौकशी समितीने कंपनीची नोंदवही मागवली. संगणक जुनाट होता. त्यातून तारखा निघाल्या नाहीत, आकडे निघाले. ते आकडे तिच्या ऑफिसात आले, आणि ऑफिसने ते नव्या मुलीच्या हवाली केले. कंपनीचं नाव खोडलेलं, कारागिरांची नावं काढलेली. कशासाठी हवंय हेही तिला कोणी सांगितलं नाही.

तिने आरंभाचा दिवस धरला एक जानेवारी एकोणीसशे. संगणकातल्या असल्या वह्या तिथूनच दिवस मोजतात, हे तिने ऐकलं होतं, आणि ऐकलेलं खरं धरण्याचंच तेव्हा तिचं वय होतं. कारागीर नंबर एकतीस, आकडा चाळीस हजार सातशे सदुसष्ट, शेरा 'बंद ठेवा'. तारीख निघाली चौदा ऑगस्ट. म्हणजे रविवार. म्हणजे बाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

समितीला तेवढी एकच ओळ हवी होती. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या त्या मंडळींनी बाकीच्या ओळींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अहवालात त्यांनी लिहून टाकलं, की अपघातानंतर, सुटीच्या दिवशी, कंपनी रिकामी असताना, कारागिराने येऊन स्वतःच्या बचावासाठी ही नोंद केली. त्याची नोकरी गेली आणि परवानाही गेला.

नंबर एकतीस म्हणजे मामा, हे तिला अहवाल गेल्यावर चौथ्या दिवशी मामीच्या फोनवरून कळलं.

मामा तिच्या आईचा धाकटा भाऊ. दर रविवारी त्यांच्याकडे यायचा, आणि तो आला की घरात ग्रीसचा वास यायचा. कितीही साबण लावला तरी नखांतून जायचा नाही. लहानपणी तो तिला लिफ्टपाशी उभी करायचा आणि सांगायचा, "आत शिरण्याआधी दाराला तळवा लाव. थरथरत असेल तर जिना आपलाच आहे." चाळीस वर्षांत त्याने एकही लिफ्ट तळवा न लावता वापरली नव्हती. असा माणूस बाई मेल्यावर चोरासारखा जाऊन खोटी नोंद करतो, हे कोणाच्याही गळी उतरायला नको होतं. पण छापील तक्ता होता, आणि तक्त्यापुढे माणसाचं काय चालतं?

तिने तेव्हा ती ओळ पुन्हा तपासली होती. खरंच तपासली होती. तीच आज्ञा, तोच आरंभाचा दिवस, तोच आकडा. उत्तर तेच आलं. दुसरं येणार कुठून?

मग एक दिवस मामा तिच्या ऑफिसात आला. आत आला नाही, पाचव्या मजल्यावर लिफ्टसमोरच उभा राहिला, इस्त्रीचा शर्ट घालून. हातात काही नव्हतं. त्याने तिला विचारलं, "पोरी, तू नीट पाहिलंस ना?"

"दोनदा पाहिलं, मामा," ती म्हणाली.

त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशावर तो हात थोडा वेळ तसाच राहिला. मग खाली आला.

"मग माझंच चुकलं असेल," तो म्हणाला. लिफ्टच्या दाराला तळवा लावून पाहिला, आत शिरला, आणि दार बंद होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिला.

त्या दिवसापासून मामा स्वतःवरचा भरवसा गमावून बसला. घरी पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा, पण एकेक स्क्रू तीनतीनदा बघायचा. कुलूप लावून अर्ध्या रस्त्यातून परत यायचा. मामीला विचारायचा, मी गॅस बंद केला का, मी आंघोळ केली का, काल आपण कुठे गेलो होतो का. डॉक्टरांना त्याच्या डोक्यात काही सापडलं नाही. सापडणार कसं? डोकं त्याचं शाबूत होतं. त्याने फक्त त्या डोक्यापेक्षा भाचीच्या तक्त्यावर जास्त विश्वास ठेवला होता. सात वर्षं असा जगला आणि एका सकाळी झोपेतच गेला.

आणि त्यानंतर ऑफिसातली लिफ्ट पाचव्या मजल्यावर येऊन आपोआप उघडायला लागली. भरदुपारी, सगळे जागेवर असताना, टिंग वाजायचं, दार उघडायचं, आत कोणी नाही. जरा वेळाने बंद. दुरुस्तीवाले तीनदा येऊन गेले. वायरिंग जुनं आहे म्हणाले. ऑफिसने त्यावर विनोद केले आणि सवय करून घेतली. तारीखबाईला मात्र टिंग वाजलं की तो ग्रीसचा वास यायचा. ती कोणाला बोलली नाही, कारण शिकलेल्या बाईने असलं काही बोललं की लोक आधी हसतात आणि मग रजा घ्यायला सांगतात.

आता दोनांच्या त्या रकान्यासमोर बसून ती स्वतःला बजावत होती, की नवा प्रोग्रॅमही चुकीचा असू शकतो. दोघांपैकी एक खरा. कोणता, ते बघायला हवं. तिने जुन्या फाइलीच्या शेवटी आपणच लिहून ठेवलेल्या टिपा उघडल्या. त्या वयातलं तिचं सगळं नीटनेटकं असायचं. तिसरी टीप होती: 'मंगळवारी एकही नोंद नाही. साप्ताहिक सुटी: मंगळवार.'

ती ते वाक्य बघत राहिली.

मंगळवार! मामा मंगळवारी कधी आला होता? आयुष्यात नाही. तो रविवारी यायचा, कारण त्याच्या कंपनीला रविवारी सुटी असायची, आणि हे ती पाच वर्षांची होती तेव्हापासून तिला ठाऊक होतं. कारागीर सोमवार ते शनिवार कामावर जायचे. तिने त्या सगळ्यांना दोन दिवस पुढे ढकललं, म्हणून रिकामा रविवार सरकत मंगळवारवर जाऊन बसला. एकतीस नंबर कोण हे कळल्यावर तिने एक ओळ तपासली. वार तपासला असता तर शितावरून भाताची परीक्षा तिथल्या तिथे झाली असती. टीप तिने स्वतःच्या हाताने लिहिली होती आणि परत कधी वाचली नव्हती.

दोन दिवस आले कुठून, तेही तिने शोधलं. पहिला सोपा होता. ती वही एक जानेवारीला शून्य म्हणत नाही, एक म्हणते. दुसऱ्यासाठी तिने कोऱ्या पत्रकात साठ हा आकडा लिहिला आणि त्याची तारीख मागितली. पत्रकाने उत्तर दिलं: एकोणतीस फेब्रुवारी एकोणीसशे. असा दिवस झालाच नाही. त्या वर्षी फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा होता. अठ्ठाविसाव्या रात्री झोपलेली माणसं एक मार्चला उठली. पण कोणे एके काळी कोणाच्यातरी हातून तो दिवस मोजणीत शिरला, आणि नंतरच्यांनी तो तसाच राहू दिला. जाणकारांना हे माहीत असतं. ते आरंभाचा दिवस दोन पावलं मागे घेतात, तीस डिसेंबरवर नेतात. आता तिलाही माहीत होतं. तेरा वर्षांपूर्वी नव्हतं.

जो दिवस कधी उजाडला नाही, त्याने मामाला गिळलं. आणि त्या दिवसाचं दार हिने उघडून दिलं. तिला मामा तिथेच दिसायला लागला, त्या एकोणतीस तारखेत, रिकाम्या रस्त्यावर, शर्टाच्या खिशावर हात ठेवून, काल आपण कुठे होतो हे कोणालातरी विचारायला उभा. बाहेर टिंग वाजलं. लिफ्ट उघडली आणि बराच वेळ उघडीच राहिली. ती टेबलाची कड धरून बसली.

संध्याकाळी ती साहेबांकडे गेली. साहेबांनी शांतपणे ऐकलं, चष्मा काढला, पुसला. माणूस वाईट नव्हता, फक्त निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ते म्हणाले, की समिती कधीच बरखास्त झाली, कंपनी बंद पडली, मामा गेले. तुझी त्या तक्त्यावर सही आहे, नोकरीवर येईल. ऑफिसने केलेले असे किती तक्ते आहेत, सगळे उकरायचे का? नव्या तारखा गुपचूप ठेव, टीप काढून टाक. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. तिने मान हलवली, त्याचा अर्थ दोघांनी आपापल्या सोयीने घेतला.

दोन दिवस तिने काही केलं नाही, हेही सांगायला हवं. तिला नोकरी हवी होती. आईच्या आजारपणापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर होतं, आणि आई गेल्यावर तर तिला ऑफिसशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. मेलेल्याला काय फरक पडतो, असं ती स्वतःला सांगत राहिली. पण मामी मेली नव्हती. मामी तेरा वर्षं खोटारड्याची बायको म्हणून जगत होती, आणि तिच्या शेजारणी अजून लिफ्टचा विषय निघाला की तिच्यासमोर बोलायच्या थांबत.

रविवारी सकाळी ती मामीकडे गेली. दोन खोल्या, तळमजला. खिडकीशी मामाचं दुरुस्तीचं टेबल अजून होतं, वर पेचकस उंचीप्रमाणे लावलेले. मामीने चहा टाकला. तारीखबाईने चहा येईपर्यंतही धीर धरला नाही. ओट्याशी उभ्या असलेल्या मामीच्या पाठीलाच तिने सगळं सांगितलं. आकडा, दोन दिवस, शुक्रवार. मामाने नोंद शुक्रवारीच केली होती. तो खरं बोलत होता आणि मी चुकले.

मामीने गॅस बंद केला. वळली नाही. तशीच म्हणाली, "हे मला माहीत होतं. मला तक्ता लागला नाही."

"मामी, मला—"

"थांब," मामी म्हणाली. "तुला एक दाखवायचंय. ह्यांच्या मागे मी ते कोणाला दाखवलं नाही. तुला तर मुळीच दाखवणार नव्हते."

तिने टेबलाच्या खणातून एक खिशात मावेल एवढी डायरी काढली. कोपरे गोल झालेले, ग्रीसचे डाग. मामा रोजचं काम तिच्यात पेन्सिलने लिहायचा आणि काम पुरं झालं की शेजारी बरोबरची खूण करायचा. ज्यावर खूण नाही ते काम बाकी, असा त्याचा नेम. मामीने पान उघडून तिच्या हातात दिलं.

शुक्रवार, बारा ऑगस्ट. तिथे काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते खोडरबराने पुसलं होतं, इतकं घासून, की कागद पातळ झाला होता. तिने पान उजेडाकडे धरलं. अक्षरांचे वळ राहिले होते: लिफ्ट दोन, बंद ठेवा, व्यवस्थापकाला सांगितलं. शेजारी खुणेचाही वळ होता.

"तुझ्या ऑफिसातून आले त्या रात्री बसले हे करत," मामी म्हणाली. "मी म्हटलं, अहो, तुम्हीच लिहिलंय ना शुक्रवारी, मग का पुसता? म्हणाले, पोरीने दोनदा पाहिलंय. मी लिहिताना पान चुकलो असेन."

तारीखबाईने पान उलटलं. रविवार, चौदा ऑगस्ट. वर मामाचं नेहमीचं, ठाशीव अक्षर: 'ताईकडे. दिवसभर. जेवण गेलं नाही. पोरीने चष्म्याची काडी बसवून दिली.' शेजारी खूण.

तिला आठवलं. सगळं एकदम आठवलं. अपघाताचा दुसरा दिवस; मामा सकाळीच येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता, आणि ती शिवणकाम करणारी बाई, ती बाई, एवढंच म्हणत होता. त्याच्या हातातून चष्मा पडला. तिने जमिनीवर ओणवं होऊन बारीक स्क्रू शोधला, आणि तो बसवून दिला तेव्हा बाहेर दिवे लागले होते. मामा त्या रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्या डोळ्यांसमोर होता. तो कंपनीत नव्हता, हे सांगू शकेल असा साक्षीदार जगात होता, आणि तो साक्षीदार तीच होती. तिने तारीख छापली, सही केली, दोनदा पाहिलं, आणि आपण त्या दिवशी कुठे होतो ते एकदाही आठवून पाहिलं नाही.

त्या ओळीच्या खाली, वेगळ्या, कापऱ्या अक्षरात, शुक्रवारवरून उचललेली नोंद होती: लिफ्ट दोन, बंद ठेवा. एकाच रविवारी दोन ठिकाणी असलेला माणूस. आणि त्याच्याही खाली, त्याच कापऱ्या हाताने, एक शेवटची ओळ: 'पोरीला विचारायचं, रविवारी मी तुमच्याकडेच होतो ना?'

तिच्याशेजारी खूण नव्हती.

"पुढच्या महिन्यात परत यायचं म्हणत होते तुझ्याकडे," मामी म्हणाली. "ही खिशात घालून दोनदा निघाले. तुझ्या ऑफिसच्या जिन्यापासून मागे फिरले. पोरीला वाईट वाटेल म्हणाले."

तारीखबाई रडली. खुर्चीवर नाही, मामाच्या टेबलाशी जमिनीवर बसून रडली, आणि मामीने तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही. मग ती डोळे पुसून उठली आणि टेबलावरचा पेन्सिलीचा तुकडा तिने उचलला. तिला त्या ओळीशेजारी खूण करायची होती. होय मामा, आमच्याकडेच होतास.

मामीने तिच्या हातातून डायरी काढून घेतली.

"काम झाल्याशिवाय ते खूण करायचे नाहीत," ती म्हणाली. "आधी ज्यांना खोटं कळवलंस त्यांना खरं कळव. त्या बाईच्या घरच्यांनाही. मग ये."

"नोकरी जाईल, मामी."

"ह्यांची गेली होती."

मामीने खणातून कोरे कागद काढून टेबलावर ठेवले आणि गार झालेला चहा परत गॅसवर ठेवायला गेली. तारीखबाई मामाच्या खुर्चीवर बसली. वर आपलं पूर्ण नाव लिहिलं. खाली लिहिलं, 'माझ्याकडून चूक झाली आहे.' मग तारखेची जागा आली, आणि तिचा हात थांबला. एवढी वर्षं हजारो दिवसांना तारखा देणाऱ्या त्या बाईला आजचा दिवस एकटीने लिहिण्याचा धीर होईना.

"मामी," तिने स्वयंपाकघराकडे बघत विचारलं, "आज रविवारच ना?"

"रविवार," मामी म्हणाली. "लिही."